पोटऱ्या भरदार, पण पाय कमजोर

"डॉक्टर, हा खातो-पितो चांगला, पोटऱ्या तर बघा कशा भरल्यात, पण चालता चालता पडतो आणि जिना चढायचा म्हटला की रडतो." चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आलेली आई अशी तक्रार सांगते, तेव्हा बहुतेक वेळा काळजीचे कारण नसते. कुणाच्या पायात दादाच्या मोठ्या चपला असतात, कुणाचे तळवे सपाट असतात, कुणाला 'ड' जीवनसत्त्व कमी पडत असते, तर कुणी नुसताच धसमुसळा असतो. अशी मुले थोड्याफार उपचाराने किंवा नुसत्या वाढत्या वयाने ठीक होतात.

पण या गर्दीत एखाद्या मुलाचे पडणे वेगळे असते. त्याला 'ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी' नावाचा स्नायूंचा आजार असतो. साधारणपणे पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार जन्मतःच असतो. गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो आहे. एवढ्या काळात अशी मुले माझ्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आली. परंतु जवळजवळ प्रत्येक मूल उशिरा आले. मधली दोन-तीन वर्षे टॉनिकच्या बाटल्या, कॅल्शियमच्या गोळ्या, तेलाची मालीश, दृष्ट काढणे आणि खास बूट यांत गेलेली होती. हा उशीर टाळता येण्याजोगा आहे. त्यासाठी घरच्यांचे लक्ष आणि काही शे रुपयांची एक रक्ततपासणी एवढेच लागते. म्हणून आजचा हा लेख.

घरी काय पाहावे?

आपल्याकडे मुले जमिनीवर मांडी घालून जेवतात, अभ्यास करतात, पंगतीला बसतात. त्यामुळे हा आजार ओळखण्याची पहिली खूण घरातच दिसू शकते. मूल जमिनीवरून उठते कसे, ते पाहा. निरोगी मूल चार वर्षांचे झाले, की चटकन उभे राहते. या आजारातले मूल आधी पालथे होते, हात जमिनीला टेकून ढुंगण वर उचलते, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर ठेवत ठेवत, जणू स्वतःच्याच अंगावर चढत उभे राहते. कंबरेचे व मांड्यांचे स्नायू दुबळे असल्याने ते हातांची मदत घेत असते. विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी १८७९ साली या उठण्याचे बारकाईने वर्णन केले. म्हणून डॉक्टर लोक या खुणेला 'गॉवर्सची खूण' म्हणतात.

याखेरीज पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. मूल बदकासारखे डुलत, पोट पुढे काढून चालते का? दोन्ही पाय उचलून उडी मारता येते का? धावताना इतर मुलांच्या मागे पडते का? जिना चढताना कठडा किंवा स्वतःचा गुडघा धरते का? चवड्यांवर चालते का? दीड वर्षाचे होऊनही ते चालू लागले नव्हते का? यातील काही मुलांना बोलायलाही उशीर होतो. "मुलगे उशिराच चालतात" असे म्हणून आजीने आणि शेजारणींनी समजूत घातलेली असते.

आणखी एक गोष्ट फसवी असते. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलाची नैसर्गिक वाढ जोरात चालू असते. त्यामुळे आजार असूनही मूल वर्षभरात थोडे सुधारल्यासारखे वाटते. त्या वेळी जे टॉनिक चालू असेल त्याला श्रेय मिळते आणि तपासणी मागे पडते. पुढे वाढीचा वेग कमी पडतो, स्नायूंची झीज पुढे जाते आणि दहा-बारा वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांचे चालणे थांबते.

टाके नसलेली गोधडी

आता प्रश्न असा, की या मुलांच्या स्नायूंत नेमके बिघडते काय?

आपली प्रत्येक पेशी एका अतिशय पातळ आवरणात बंद असते. हे आवरण साबणाच्या फुग्यासारखे नाजूक आहे. पेशीच्या आत मात्र प्रथिनांच्या धाग्यांचा एक सांगाडा असतो. त्यामुळे पेशीला आकार व बळकटी मिळते. आवरण वेगळे आणि सांगाडा वेगळा राहिला, तर थोड्या ओढाताणीने आवरण फाटेल. म्हणून निसर्गाने या दोघांना एकमेकांशी शिवून टाकणारी प्रथिने ठेवली आहेत.

आपल्या घरातील गोधडी आठवा. वर लुगड्याचे मऊ कापड, आत जुन्या कपड्यांचे थर आणि या सर्वांना धरून ठेवणारा धावदोरा. टाके शाबूत आहेत तोवर गोधडी कितीही पांघरा, पिळा, वाळत घाला, ती टिकते. टाकेच घातले नाहीत तर? पहिल्या दिवशी ती गोधडी इतर गोधड्यांसारखीच दिसेल. पण दहा धुण्यांत आतले थर सरकतील आणि वरचे कापड जागोजागी फाटेल.

स्नायूच्या पेशीत हे टाके घालण्याचे काम 'डिस्ट्रॉफिन' नावाचे प्रथिन करते. त्याचे एक टोक आतल्या ॲक्टिन नावाच्या धाग्यांना धरते आणि दुसरे टोक आवरणात बसलेल्या प्रथिनांच्या जुडग्याला. ते जुडगे पुन्हा पेशीबाहेरच्या जाळीला घट्ट बांधलेले असते. स्नायू आखडतो, ताणला जातो, तेव्हा बसणारा हिसका असा आतून बाहेरपर्यंत वाटला जातो आणि पातळ आवरण सुरक्षित राहते.

ड्यूशेनच्या आजारात हे डिस्ट्रॉफिन जवळजवळ तयारच होत नाही. बाळ जन्मते तेव्हा ते इतर बाळांसारखेच दिसते. पण ते रांगू लागते, उभे राहते, धावू पाहते, तसतशी प्रत्येक हालचालीबरोबर आवरणाला बारीक भोके पडू लागतात. बाहेरचे कॅल्शियम नको तितके आत शिरते, आतले पदार्थ बाहेर रक्तात गळतात आणि पेशी मरते. शरीर सुरुवातीला नव्या पेशी तयार करून ठिगळे लावते. काही वर्षांनी ही दुरुस्ती अपुरी पडते आणि स्नायूच्या जागी चरबी व चिवट तंतू साठतात. पोटऱ्या भरदार दिसतात त्या मुख्यतः यामुळे. बाहेरून पैलवानाची पोटरी, आत मात्र ताकदीचा स्नायू कमी, असा हा प्रकार आहे.

अशी टाक्यांची प्रथिने फक्त स्नायूंतच असतात असे नाही. रक्तातील तांबड्या पेशींच्या आवरणाला स्पेक्ट्रिन व अँकिरिन ही प्रथिने आधार देतात. त्यांत जन्मजात दोष असला, की चपट्या पेशी चेंडूसारख्या गोल होतात, प्लीहेत अडकून फुटतात आणि मुलाला पंडुरोग व वारंवार कावीळ होते. अवयव वेगळा, आजार वेगळा. पण मूळ दोष टाक्यांचाच.

शोधाची हकीकत

या आजाराला ज्यांचे नाव मिळाले ते गिओम ड्यूशेन हे फ्रेंच डॉक्टर. त्यांनी १८६८ साली अशा मुलांचे सविस्तर वर्णन केले. परंतु त्यांच्याही आधी, १८५० नंतरच्या काही वर्षांत, एडवर्ड मेरियन या लंडनच्या डॉक्टरांनी दोन महत्त्वाच्या गोष्टी नोंदवल्या होत्या. एक म्हणजे हा आजार मज्जारज्जूचा नसून स्नायूंचा आहे व त्यात स्नायूच्या तंतूचे आवरण फाटलेले दिसते. दुसरी म्हणजे तो घराण्यात चालतो आणि मुलग्यांना होतो. त्या काळच्या साधनांनिशी केलेले हे निरीक्षण किती अचूक होते, ते कळायला पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे जावी लागली. अमेरिकेतील बोस्टन येथे लुई कुंकेल यांच्या प्रयोगशाळेत १९८६ साली या आजाराचे जनुक सापडले आणि १९८७ साली त्यापासून बनणारे प्रथिन. त्याला डिस्ट्रॉफिन हे नाव तेव्हा मिळाले.

हे जनुक माणसाच्या सर्वात लांब जनुकांपैकी एक आहे. त्याची लांबी सुमारे २२ लाख अक्षरांची आहे आणि त्याचे ७९ तुकडे जोडून प्रथिनाचा आराखडा तयार होतो. एवढ्या लांब मजकुरात नक्कल करताना चूक होण्याची शक्यता अधिक. म्हणूनच ज्या घराण्यात पूर्वी कुणालाही हा आजार नव्हता, तिथेही तो अचानक दिसतो.

कोणती तपासणी?

पहिली तपासणी म्हणजे रक्तातील सी.पी.के. हे द्रव्य स्नायूच्या पेशीत असते आणि आवरण फाटले की रक्तात उतरते. साधारणपणे त्याचे प्रमाण दोनशेच्या आसपास किंवा कमी असते. या मुलांमध्ये ते हजारांत, पुष्कळदा दहा-वीस हजारांपर्यंत असते. सी.पी.के. नॉर्मल असेल, तर ड्यूशेनची शंका जवळजवळ संपते. ही तपासणी जिल्ह्याच्या कोणत्याही बऱ्या लॅबोरेटरीत होते.

येथे एक धोक्याचे वळण सांगितले पाहिजे. कावीळ तपासताना आपण एस.जी.ओ.टी. व एस.जी.पी.टी. करतो. ही द्रव्ये यकृताप्रमाणे स्नायूतही असतात. त्यामुळे या मुलांमध्ये ती वाढलेली दिसतात आणि 'लिव्हरला सूज' असा शिक्का बसतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला दुसरीकडे वर्षभर लिव्हरचे औषध आणि बिनतेलाचे जेवण चालू होते. मुलाला कावीळ नाही, भूक चांगली आहे आणि तरीही हे आकडे सतत वाढलेले आहेत, असे असेल तर डॉक्टरांना सी.पी.के. करण्याबद्दल जरूर विचारावे. जी.जी.टी. ही यकृताची दुसरी तपासणी अशा मुलांत सहसा नॉर्मल असते.

सी.पी.के. फार वाढलेले आढळले, तर रक्तातून जनुकाची तपासणी करतात. पूर्वी स्नायूचा तुकडा काढावा लागे. आता बहुतेक मुलांत त्याची गरज पडत नाही. जनुकातील नेमका दोष कळणे महत्त्वाचे आहे, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावर ठरतात.

दोष आईचा नाही

मुलग्याला एक्स गुणसूत्र आईकडून व वाय गुणसूत्र वडिलांकडून मिळते. डिस्ट्रॉफिनचे जनुक एक्सवर असते. आईजवळ दोन एक्स असल्यामुळे एक बिघडले तरी दुसरे काम चालवते. ती स्वतः सहसा निरोगी असते, पण वाहक असते. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही निम्मी.

हे ऐकून घरातील मंडळी सुनेकडे बोट दाखवतात, असा माझा अनुभव आहे. त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. पहिली, सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये आई वाहक नसतेच. दोष त्या मुलातच नव्याने झालेला असतो. दुसरी, वाहक असणे हे कुणाच्या हातात नाही. गरोदरपणात काय खाल्ले, ग्रहण पाहिले की नाही, कोणती गोळी घेतली, याचा यात काहीही संबंध नाही. मामाच्या मुलाशी लग्न केल्यामुळेही ड्यूशेनचा आजार होत नाही. स्नायूंचे दुसरे काही आनुवंशिक आजार मात्र नात्यातील लग्नांमुळे वाढतात आणि ते मुलींनाही होतात. म्हणून मुलगी सारखी पडत असेल तर तिचीही तपासणी करावी.

निदान झाल्यावर आईची आणि गरज असेल तर तिच्या बहिणींचीही तपासणी व्हावी. पुढच्या बाळंतपणाचा विचार करण्यापूर्वीच ती व्हावी, कारण लवकर निदानाचा सर्वात मोठा उपयोग येथे आहे. मी अशी घरे पाहिली आहेत, की थोरल्याचे निदान होईपर्यंत धाकटा जन्माला आलेला होता आणि दोघांचेही पाय एकामागून एक थांबले. मोठ्या मुलातील दोष माहीत असेल, तर गर्भावस्थेत सुमारे ११ ते १३ आठवड्यांच्या दरम्यान गर्भाची तपासणी करता येते. आपल्या १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानेही अशा आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात तपासणीस परवानगी दिली आहे. आईची रक्ततपासणी नॉर्मल आली, तरी क्वचित तिच्या बीजांडांत दोष असू शकतो. तेव्हा सल्ला घ्यावाच. वाहक स्त्रियांनी अधूनमधून हृदयाचीही तपासणी करून घ्यावी, कारण काही जणींच्या हृदयाचे स्नायू पुढे कमजोर होतात.

उपचार काय आहेत?

हा आजार मुळापासून बरा करणारे औषध आज नाही, हे स्पष्ट सांगतो. पण 'काही करता येत नाही' हे वाक्य मात्र चुकीचे आहे. पूर्वी ही मुले विशीच्या आसपास दगावत. आज नीट काळजी घेतली, तर अनेक जण तिशीपर्यंत व त्यापुढेही जगतात, शिकतात, कामे करतात.

प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट ही स्टेरॉइड औषधे योग्य वयात सुरू केली, तर चालणे काही वर्षे लांबते आणि श्वासाचे स्नायूही अधिक टिकतात. त्यांचे दुष्परिणाम आहेत. वजन वाढते, हाडे ठिसूळ होतात, उंची खुंटते, मोतीबिंदू होऊ शकतो. म्हणून ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावी; सुरू करण्यापूर्वी लसी पूर्ण कराव्यात व क्षयरोगाची शंका असल्यास तपासावे. एकदा सुरू केल्यावर मनाने एकदम बंद करू नयेत. त्यात जिवाला धोका असतो. उलट्यांमुळे गोळ्या पोटात राहत नसतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घोटे आखडू नयेत म्हणून रोज हलका ताण देण्याचे व्यायाम घरी करता येतात. फिजिओथेरपिस्टकडून ते शिकून घ्यावेत. हलके पोहणे चांगले. मात्र ताकद वाढावी म्हणून उठाबशा, वजने, डोंगर चढणे-उतरणे असले प्रकार करू नयेत. टाके नसलेल्या स्नायूवर भार असताना तो ताणला गेला, की आवरण जास्त फाटते. शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, की असा मुलगा पी.टी.ला मागे पडला म्हणून त्याला उठाबशांची शिक्षा देऊ नका आणि त्याचा वर्ग शक्यतो तळमजल्यावर ठेवा.

निदानानंतर वर्षातून एकदा हृदयाची इको तपासणी व्हावी, कारण हृदय हाही स्नायूच आहे. पुढे श्वासाची तपासणीही लागते. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, दात काढताना किंवा हाड बसवताना भूल द्यायची असेल तर, भूलतज्ज्ञांना आजाराचे नाव सांगितलेच पाहिजे. भुलेची काही नेहमीची औषधे या मुलांना घातक ठरतात. आजाराचे नाव लिहिलेले कार्ड मुलाच्या खिशात असावे.

नवी औषधे आणि जुनी फसवणूक

जनुकातील दोषाचा तुकडा वगळून उरलेल्या आराखड्यातून आखूड डिस्ट्रॉफिन तयार करवणारे पहिले औषध अमेरिकेत २०१६ साली मंजूर झाले. या कल्पनेमागे एक जुना आधार आहे. बेकर डिस्ट्रॉफी या सौम्य आजारात प्रथिन आखूड असते, पण त्याची दोन्ही टोके शाबूत असतात. १९९० साली ब्रिटनमधील संशोधकांनी अशा एका रुग्णाची नोंद केली, की ज्याच्या प्रथिनाचा मधला सुमारे ४६ टक्के भाग नव्हता आणि तरीही तो ६१ व्या वर्षी चालत होता. दोरा आखूड असला तरी दोन्ही टोकांना गाठ असली, तर टाका बराच काळ टिकतो.

याच तत्त्वावर आखूड जनुक विषाणूच्या साहाय्याने शरीरात सोडणारे औषध अमेरिकेने २०२३ साली मान्य केले. परंतु त्याची किंमत प्रचंड आहे, परिणाम मर्यादित आहे आणि २०२५ साली चालणे थांबलेल्या दोन मुलांचा ते घेतल्यानंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. तेव्हा बातमी वाचून लगेच आशेवर झुलू नये.

याहून मोठा धोका 'स्टेम सेल'च्या जाहिरातींचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे या आजारावर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. तो फक्त रीतसर संशोधनात, रुग्णाकडून पैसे न घेता करता येतो. लाखो रुपये मागणाऱ्यांसाठी कृपा करून शेत गहाण टाकू नका. तो पैसा मुलाच्या शिक्षणाला, चाकाच्या खुर्चीला आणि श्वासाच्या यंत्राला लागणार आहे.

सरकारी मदतीबद्दल थोडे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश आहे. त्यामुळे जिल्हा रुग्णालयातून दाखला मिळू शकतो व त्यावर सवलतींसाठी अर्ज करता येतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातही ड्यूशेनचे नाव आहे आणि त्यासाठी नेमलेल्या केंद्रांत मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय आहे. तिथे नाव नोंदवून ठेवावे.

थोडक्यात सांगायचे तर, घरात तीन ते सात वर्षांचा मुलगा असेल तर आज जेवण झाल्यावर तो जमिनीवरून कसा उठतो, ते एकदा पाहा. मांड्यांवर हात टेकत उठत असेल, सारखा पडत असेल किंवा पोटऱ्या प्रमाणाबाहेर भरलेल्या असतील, तर नवी टॉनिकची बाटली आणण्याआधी सी.पी.के. करून घ्या. रिपोर्ट नॉर्मल आला तर एक काळजी मिटली. वाढलेला आला तर पुढची वाट कठीण आहे खरी. पण ती पाचव्या वर्षी सुरू झाली, तर त्या मुलासाठी आणि त्याच्या पाठच्या भावंडांसाठी अजून पुष्कळ काही करता येते.